‘त्रास नाही’ म्हणजे नक्की काय? आरपी असलेल्यांना विचारले जाणारे प्रश्न

दिवेलागण | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार. पुष्कळ दिवसांनी धागा काढतेय. डोळ्याचा पडदा आणि रातांधळेपणा यांवर इथं पूर्वी चर्चा झाली होती, त्यातले काहीजण अजून येतात म्हणून इथंच लिहिते.

मला आरपी आहे, रेटिनायटिस पिगमेंटोसा, डोळ्याच्या पडद्याचा आनुवंशिक आजार. वय ४४, सांगली जिल्ह्यात शाळेत शिकवते. चष्मा लावून समोरचं ६/९, म्हणजे जवळजवळ नीट दिसतं. फळ्यावर लिहिते, वह्या तपासते. पण बाजूचं गेलंय, आणि दिवस मावळला की उरलेलंही जातं. जनुक तपासणीत आरएचओ जनुकातला बदल निघाला, तो आईकडून आलेला. आईची तपासणी माझ्यानंतर झाली, ती ६६ वर्षांची असताना. तोवर तिला काही आजार आहे हे घरात कुणाला ठाऊकच नव्हतं, तिला स्वतःलाही नाही.

गेल्या महिन्यात तपासणीला गेले होते तेव्हा एका अभ्यासासाठी माझ्याकडून प्रश्नावली भरून घेतली. २५ प्रश्न. एक मुलगी वाचून दाखवत होती, मी उत्तरं देत होते. गोड मुलगी, अजिबात घाई केली नाही तिनं. रात्री किंवा कमी उजेडात पायऱ्या उतरताना किती अडचण येते, असा एक प्रश्न होता. मी म्हटलं, रात्री मी बाहेर पडतच नाही. तिनं विचारलं, डोळ्यांमुळे सोडलंत की दुसऱ्या कारणानं? मी म्हटलं, तशी गरजच पडत नाही. तिनं ‘इतर कारण किंवा आवड नाही’ यावर खूण केली. पुढं गाडी चालवण्याचे प्रश्न आले. मी गाडी कधी शिकलेच नाही, त्यामुळे पुन्हा तीच खूण. नाटक-सिनेमालाही तीच.

घरी आले आणि दोन दिवस चैन पडेना. मी खोटं बोलले नव्हते. पण मी गाडी का शिकले नाही? बाविसाव्या वर्षी भावानं मैदानात लुना शिकवायला नेलं होतं. बाजूनं आलेली म्हैस मला दिसलीच नाही. त्यानंतर मी गाडीला हात लावला नाही आणि घरात सगळे म्हणायला लागले, हिला गाडीची आवडच नाही. पुढं मीही तसंच सांगायला लागले.

आईचं तर विचारूच नका. तुळशीपुढं दिवा लावला की ती उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायची नाही. गल्लीत तिचं उदाहरण द्यायचे, बाई असावी तर अशी घरंदाज.

म्हणून विचारायचंय. ज्यांना पडद्याचा असा आनुवंशिक आजार आहे, किंवा घरात कुणाला आहे, त्यांना कुणी असं विचारलंय का? काय विचारलं, तुम्ही काय सांगितलंत, आणि काय विचारायला हवं होतं?

काजवा | शनिवार, रात्री १०:१२

ताई, मलाही आरपी, वय २९. ‘आवड नाही’ हे वाक्य माझ्याही तोंडात बसलंय. मित्र रात्री गडावर निघाले की मला ट्रेकिंगची आवड नसते. अंधारलेलं हॉटेल असलं की मला भूक नसते.

दिवाळीत संध्याकाळी चाळीच्या जिन्यात शेजारच्या काकूंच्या रांगोळीवरून चालत गेलो. तीन तास घालून काढली होती त्यांनी. “डोळे फुटले का रे?” म्हणाल्या. मला अजून जिना आठवत नाही, ते वाक्य आठवतं. ते कुठल्या प्रश्नात बसेल?

चाचणीफळा | शनिवार, रात्री ११:०५

दिवेलागण, मी पुण्यात ऑप्टोमेट्रिस्ट आहे, लो व्हिजन विभागात. तुम्ही सांगताय त्या खुणांवरून ती प्रश्नावली बहुधा एनईआय व्हीएफक्यू-२५ असावी. अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेसाठी तयार झालेली, आधी ५१ प्रश्नांची होती, २००१ मध्ये २५ प्रश्नांची आवृत्ती आली. जगभर वापरतात.

तिचे प्रश्न ज्या रुग्णांशी बोलून ठरवले त्यांना मोतीबिंदू, काचबिंदू, मधुमेहामुळे बिघडलेला पडदा, म्हातारपणी मॅक्युला म्हणजे पडद्याचा मधला भाग झिजणं असे आजार होते. तुमचा आजार त्या यादीत नव्हता. त्यामुळे बाजूच्या नजरेवर सरळ विचारणारा प्रश्न एकच. अंधाराबद्दल पायऱ्यांचा एक, आणि रात्री गाडी चालवण्याचा एक.

आता तुम्हाला खटकलेली गोष्ट. ‘डोळ्यांमुळे सोडलं’ म्हटलं की त्या प्रश्नाला शून्य गुण मिळतात. ‘इतर कारणानं सोडलं किंवा आवड नाही’ म्हटलं की तो प्रश्न हिशेबातूनच वगळतात आणि उरलेल्यांची सरासरी काढतात. म्हणजे तुमची अंधाराची उत्तरं वगळली गेली, वह्या तपासण्याची धरली गेली. तुमचा आकडा तुमच्या आयुष्यापेक्षा बराच चांगला निघाला असणार.

नियमाच्या बाजूनं एवढं सांगते की तो उगाच केलेला नाही. ज्याला सिनेमाची खरोखरच आवड नाही, त्याला डोळ्यांचा दोष म्हणून शून्य देणं चुकीचंच. पण आवड आणि डोळे वीस वर्षं एकमेकांत मुरल्यावर वेगळे कसे करायचे, याचं उत्तर त्या कागदाकडे नाही. विचारणाऱ्याला तिथं थांबून आणखी एक प्रश्न विचारावा लागतो. मी स्वतः कित्येकदा थांबले नाहीये, हे तुमचं वाचून जाणवलं.

बार्शीकर | रविवार, सकाळी ७:२०

सगळ्यांबद्दल आदर ठेवून लिहितो. माझी दोन्ही मुलं आरपीची. बायको माझ्या मामाची मुलगी, आमच्यात तशीच पद्धत. दोघं धडधाकट, पण मुलांमध्ये ते उतरलं. डॉक्टरांनी वंशावळ काढून समजावलं तेव्हा आम्ही दोघं खाली बघत बसलो होतो.

मला हे कळत नाही की प्रश्न विचारून काय होणार. बारा वर्षं आम्ही प्रश्नांची उत्तरं देतोय. पोरांना दिसत नाही, हे कुणालाही दिसतं. औषध काढा म्हणावं. आणखी कागद कशाला?

हुरॉनकाठ | रविवार, सकाळी ९:४८

बार्शीकर दादा, तुमचा राग मी समजू शकतो. मला कोरॉइडेरेमिया आहे. हाही पडद्याचाच आनुवंशिक आजार, रातांधळेपणापासून सुरू होऊन बाजूची नजर खात जाणारा. मूळचा साताऱ्याचा, सध्या मिशिगनमध्ये ॲन आर्बरला राहतो. औषध आणि कागद यांचा संबंध मला इथं आल्यावर कळला, म्हणून सविस्तर लिहितो.

औषध आलं तरी ते लागू पडलं हे दाखवायचं कशानं? भिंतीवरच्या तक्त्यानं? आपल्यातल्या अनेकांची मधली नजर बरीच वर्षं ६/६, ६/९ राहते. बाजूचं क्षेत्र आकसतं ते इतकं सावकाश की एक-दोन वर्षांच्या चाचणीत फरक हाती लागत नाही. तक्त्यावर सुधारणा दिसली नाही की औषध नापास, मग माणूस रात्री अंगणात चालायला लागला असला तरी.

२०१७ च्या डिसेंबरात अमेरिकेत लक्सटर्ना मंजूर झालं. आरपीई६५ या जनुकातल्या दोषामुळे होणाऱ्या आंधळेपणावरची जनुकीय उपचारपद्धती. त्या चाचणीची मुख्य मोजणी तक्त्यावर नव्हती. बाण आखलेली एक वाट, तिच्यात अडथळे, आणि उजेडाच्या सात पायऱ्या (लक्स हे उजेड मोजायचं माप): ४०० लक्स म्हणजे ऑफिसातला लख्ख उजेड, तिथपासून १ लक्स म्हणजे बिनचांदण्याच्या रात्रीसारखा. किती कमी उजेडात माणूस ती वाट न धडपडता वेळेत पार करतो ते बघायचं. उपचार घेतलेल्या २० जणांपैकी १३ जण वर्षभरानं १ लक्समध्ये पार झाले. कुणीतरी आधी बसून ‘या लोकांना नेमकं काय जमत नाही’ हे विचारलं, म्हणून ती वाट आखली गेली.

पण ती वाट म्हणजे परीक्षा आहे, बाहेरून बघून मोजलेली. काजव्याला काकूंचं वाक्य लागलं ते तिथं मोजता येत नाही. ते फक्त काजवा सांगू शकतो. रुग्णाच्या तोंडून आलेलं, मध्ये डॉक्टरनं अर्थ न लावलेलं उत्तर पुरावा म्हणून कसं घ्यायचं, याची नियमावली अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००९ मध्ये काढली. तिच्यात मुख्य अट हीच की प्रश्न त्या आजाराच्या माणसांशी बोलून तयार झालेले हवेत.

इथल्या केलॉग आय सेंटरमधल्या गटानं तेच केलं. मिशिगन रेटिनल डिजनरेशन क्वेश्चनेअर, एमआरडीक्यू, २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. ५९ प्रश्न, फक्त आपल्यासारख्यांसाठी. मी ती भरली आहे. सगळ्यात मला जे भावलं ते असं की एकूण आकडा एकच देत नाहीत. सात खाती आहेत: मधली नजर, रंग, फिकट-गडदातला फरक, गडद अंधारातलं दिसणं, भर उजेडातली बाजूची नजर, संधिप्रकाशातली बाजूची नजर, आणि उजेड न सोसणं. संधिप्रकाशाचं खातं वेगळं काढलंय हे वाचून मी थांबलो. आपल्याकडं त्या वेळेला तिन्हीसांजा म्हणतात आणि ती वेळ दिवसही नाही, रात्रही नाही, हे आजीनं मला पाचव्या वर्षी सांगितलं होतं.

नाशिकची_आई | रविवार, दुपारी १:३०

खाती वेगळी हवीत, हे आमच्या घरात रोज दिसतं. माझ्या लेकीला स्टारगार्ट आहे, तोही पडद्याचाच आनुवंशिक आजार, वय १३. तिचं सगळं उलटं. रात्री अंधारात सायकलवर पळते, बाजूनं कोण आलं ते माझ्याआधी तिला दिसतं. पण समोरच्या माणसाचा चेहरा दिसत नाही. पुस्तक नाकाला लावते. वर्गातली मैत्रीण समोरून हसली तर तिला कळत नाही, आणि मैत्रिणी म्हणतात, शिष्ट आहे, ओळख दाखवत नाही.

आता दिवेलागणताई आणि माझी लेक, दोघींना १०० पैकी ६० पडले, तर त्या ६० मधून कुणाला काय कळणार?

दुसरी गोष्ट, लहान मुलांचं कुणी विचारतं का? आमच्याकडे प्रत्येक वेळी उत्तरं मी देते. एकदा तिलाच विचारू दिलं. मी ‘अभ्यासाला फार त्रास’ सांगितलं असतं. ती म्हणाली, अभ्यासाचं काही नाही, मधल्या सुट्टीत कोण कुठल्या घोळक्यात उभं आहे ते कळत नाही म्हणून मी वर्गातच बसते. मला हे दोन वर्षं माहीत नव्हतं. मी रोज डबा भरून देते, ती रोज तो एकटी खाते.

चाचणीफळा | रविवार, दुपारी ३:१५

नाशिकची_आई, हे वाचून काय लिहावं कळेना.

मुलांसाठी भारतात तयार झालेली प्रश्नावली आहे. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेची, २००३ मधली, नजर अधू असलेल्या ८ ते १८ वयाच्या ७८ शाळकरी मुलांवर तपासलेली. प्रश्न मुलांनाच विचारायचे असतात. मोठ्यांसाठी इंड-व्हीएफक्यू आहे, ३३ प्रश्नांची, भारतीय रुग्णांच्या बोलण्यातून काढलेली. तिच्यात कामकाज, मनावरचा आणि माणसांतला परिणाम, आणि डोळ्यांच्या तक्रारी अशी तीन वेगळी खाती आहेत. म्हणजे आपल्याकडं पाया आहे. पण तीही सर्वसाधारण नेत्ररुग्णांसाठी. आनुवंशिक पडदाविकारांसाठी मराठीत घडलेलं मी कामात कधी वापरलेलं नाही.

आणि हा आजार आपल्याकडं मुळीच विरळा नाही. जगात साधारण ४००० माणसांत एकाला आरपी असतो असं पुस्तकात शिकवतात. नागपूरजवळच्या खेड्यांत तिशीपुढच्या ४७११ जणांची तपासणी झाली होती, सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी, त्यात प्रमाण साधारण ७५० मागे एक निघालं.

आकडेमोड | रविवार, रात्री ८:०२

मी डोळ्यांतला नाही, संख्याशास्त्र शिकवतो. मोजणीबद्दल थोडं लिहितो, कारण ‘असं मनातलं मोजता येतं का’ ही शंका रास्त आहे.

उत्तरांना आपण ०, १, २, ३, ४ असे आकडे देतो आणि बेरीज करतो. त्यात आपण गुपचूप धरून चालतो की ‘थोडी’ ते ‘मध्यम’ आणि ‘फार’ ते ‘अशक्य’ ही अंतरं सारखीच आहेत. ती नसतात. ‘फार अवघड’वरून ‘अशक्य’वर जाणं म्हणजे घर बदलण्याइतकी मोठी गोष्ट असू शकते. शिवाय सगळे प्रश्न सारख्या वजनाचे नसतात. चांदण्यात स्वतःच्या अंगणातून चालणं आणि अवसेच्या रात्री शेताच्या बांधावरून चालणं, दोन्हीला एकच गुण देणं म्हणजे मोहरी आणि भोपळा नगावर विकण्यासारखं.

डॅनिश गणिती गेओर्ग राश यानं १९६० मध्ये यावर मार्ग मांडला. माणसाची क्षमता आणि प्रश्नाची कठीणता दोन्ही एकाच पट्टीवर बसवायच्या. अंगण जमतं पण बांध जमत नाही, अशा उत्तरांच्या रचनेवरून माणूस पट्टीवर कुठं उभा आहे ते काढायचं. हैदराबादच्या प्रश्नावलीत राशचंच गणित वापरलंय. वर सांगितलेल्या मिशिगनच्या कामात त्याच घराण्यातली, आयटम रिस्पॉन्स थिअरीची पद्धत आहे.

यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. पट्टीवर खुणा दाट हव्यात तिथं प्रश्न हवेत. सगळे प्रश्न सोपे असतील तर बरी नजर असलेले सगळेच पूर्ण गुण मिळवतात आणि त्यांची वर्षावर्षाची घसरण दिसतच नाही. सगळे अवघड असतील तर ज्यांचं बहुतेक गेलंय ते तळाशी एकत्र पडतात, आणि त्यांच्यात झालेली थोडीशी सुधारणा हरवते. म्हणून इथं तुम्ही जे प्रसंग लिहिताय, अंगण, रांगोळी, मधली सुट्टी, ते पट्टीवरच्या खुणा आहेत. लिहीत राहा.

दिवेलागण | रविवार, रात्री ९:२५

आकडेमोड सर, हे मला पहिल्यांदा नीट कळलं. धन्यवाद.

शब्दांबद्दल मला बोलायचंय. त्या मुलीनं ‘अडचण’ हा शब्द वापरला. आमच्याकडं बायका ‘अडचण’ म्हटलं की वेगळंच समजतात, पाळीबद्दल विचारतायत असं वाटतं. ‘त्रास’ म्हटलं की दुखतं का, असं समजतात. डोळे तर दुखत नाहीत. म्हणून ‘त्रास नाही’. ‘अवघड जातं का’ म्हटलं तर तिसरंच उत्तर येतं, “अवघड काय त्यात, सवय झालीय.”

ही ‘सवय झालीय’ कुठल्याच पर्यायात नाही. मला विचाराल तर सगळ्यात जास्त माहिती त्याच उत्तरात आहे. सवय झाली म्हणजे काय केलं? मी स्टीलच्या ताटात भात कुठं संपतो आणि ताट कुठं सुरू होतं ते बोटानं बघते. हळदीकुंकवाला गेले की दाराजवळच बसते, म्हणजे वाण द्यायला आलेल्या बाईचा पुढं केलेला हात समोरून येतो, बाजूनं येत नाही. उन्हातून वर्गात शिरले की आधी दारात उभी राहून हजेरी घेते. मुलांना वाटतं, बाईंची शिस्त. पाच-सात मिनिटं मला कुणीच दिसत नसतं. विचारलंत तर मी ‘अडचण नाही’ म्हणेन, आणि ते खरं आहे, कारण मी ती उचलून दुसरीकडं ठेवलीय.

शांतघर | रविवार, रात्री १०:५०

माझ्या धाकट्या भावाला अशर सिंड्रोम आहे. जन्मापासून ऐकू येत नाही, आणि विशीत आरपी कळला. आम्ही घरात खुणांनी बोलतो, बाकी ओठ वाचून. लाइट गेली की आमचं बोलणं संपतं. वाक्य अर्धं असलं तरी तिथंच संपतं. पूर्वी लोडशेडिंग असायचं तेव्हा तो रोज ठरलेल्या वेळी माझा हात धरून बसायचा, लाइट येईपर्यंत.

कानाच्या डॉक्टरांकडच्या कागदावर कानाचे प्रश्न. डोळ्यांच्या कागदावर डोळ्यांचे. त्याचं डोळ्यांनीच ऐकणं चालतं, हे दोन्ही कागदांवर कुठं लिहायचं मला अजून समजलेलं नाही.

काजवा | सोमवार, सकाळी ८:१०

शांतघर, ताई, दोघांनाही नमस्कार.

हुरॉनकाठ दादा, भीतीबद्दल काही विचारतात का हो? दिसणं-न दिसणं वेगळं. मला प्रत्यक्षात धक्का महिन्यातून एखादा लागतो. पण धक्का लागेल, कुणी बाई गैरसमज करून घेईल, ही धास्ती स्टेशनवर प्रत्येक मिनिटाला असते. खांदे आखडून चालतो. रात्री पाठ दुखते ती त्यानं.

हुरॉनकाठ | सोमवार, सकाळी ९:०५

विचारतात. त्याच गटानं नजरेमुळे वाटणाऱ्या काळजीसाठी वेगळी, १४ प्रश्नांची प्रश्नावली केली आहे. अंधाराशी आणि कडेच्या नजरेशी जोडलेली काळजी एका खात्यात, मधल्या नजरेशी जोडलेली दुसऱ्यात. वेगळी काढली ते बरं झालं, कारण नजर तितकीच राहूनही काळजी कमी होऊ शकते. पांढरी काठी हातात घेतल्यावर माझं तसंच झालं. मला दिसत होतं तेवढंच दिसत राहिलं, पण लोक बाजूला व्हायला लागले आणि खांदे खाली आले.

बार्शीकर | सोमवार, रात्री ९:३०

सगळं वाचलं. काल रागात लिहिलं होतं. राग गेलेला नाही, पण एक सांगावंसं वाटतं.

थोरल्याला अपंगत्वाच्या दाखल्यासाठी नेलं होतं. तिथं तक्ता वाचायला लावला. त्यानं वाचला, खालून दुसरी ओळ. “याला दिसतं की, कशाला आणलंत?” असं ऐकून परत आलो. बाहेर पडताना त्याच दालनाच्या दारात ठेवलेल्या बाकावर तो आपटला, नडगी फुटली. आत कुणी बघितलं नाही. तेव्हा मला वाटलं होतं, हे कुणीतरी लिहून घ्यायला पाहिजे होतं. ते आज तुमचं वाचून परत आठवलं.

चाचणीफळा | सोमवार, रात्री १०:१८

बार्शीकर दादा, परत जा, आणि या वेळी क्षेत्राची तपासणी, म्हणजे पेरिमेट्री, करून घेऊन जा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अल्पदृष्टीची व्याख्या फक्त तक्त्यावर नाही. दृष्टिक्षेत्र ४० अंशांपेक्षा कमी असेल तर तक्ता कितीही चांगला वाचला तरी ते अल्पदृष्टीत बसतं, आणि १० अंशांपेक्षा कमी असेल तर अंधत्वात. हे त्या कायद्याच्या परिशिष्टात छापलेलं आहे. छापील प्रत सोबत ठेवा. आणि बाकाचा प्रसंग तुमच्याच शब्दांत एका कागदावर लिहून अर्जाला जोडा. त्याचे गुण मिळणार नाहीत, पण वाचणारा माणूसच असतो.

आता सगळ्यांना एक विनंती. परदेशी प्रश्नावली मराठीत आणायची तर रीत अशी: दोघांनी वेगवेगळं भाषांतर करायचं, ते जुळवायचं, तिसऱ्यानं मूळ न बघता परत इंग्रजीत न्यायचं, आणि मग आजार असलेल्या माणसांसमोर बसून एकेक प्रश्न वाचून विचारायचं, “तुम्हाला यातून काय समजलं?” पहिल्या पायऱ्या लोक पार पाडतात, शेवटची उरकून टाकतात. दिवेलागणताईंचा ‘अडचण’ शब्द त्या शेवटच्या पायरीवरच सापडला असता.

मी आमच्या विभागात हे मांडणार आहे. तुमची वाक्यं वापरू का? नाव-गाव काहीही येणार नाही. आणि प्रश्न मोठ्या ठळक टाइपात, पिवळसर कागदावर देईन. नजर अधू असलेल्या माणसाच्या हातात बारीक टाइपाचा फॉर्म देतो आम्ही, आणि मग सोबतची सून नाहीतर नवरा उत्तरं सांगतो. माणूस शेजारी बसून नुसता ऐकतो.

नाशिकची_आई | सोमवार, रात्री १०:३१

वापरा. लेकीला विचारलं, ती हो म्हणाली. “पण मला विचार, आईला नको,” असं सांगितलंय तिनं.

काजवा | सोमवार, रात्री १०:४०

वापरा.

दिवेलागण | गुरुवार, रात्री ९:१५

उशीर झाला. मध्ये माहेरी गेले होते.

आईपाशी बसले. ती आता ७१ ची. आधी त्या मुलीसारखंच विचारलं, अंधारात चालायला कितपत अडचण येते? “मला कसली अडचण? मी जातच न्हाई कुठं.” मग प्रश्न बदलला. म्हटलं, आई, तुला करायचं होतं आणि दिवस मावळला म्हणून केलं नाहीस, असं काय काय आहे?

बराच वेळ गप्प होती. मग बोलायला लागली ती तासभर. देवळात कार्तिकातली काकडआरती असते, लग्न होऊन आल्यावर पहिल्या वर्षी गेली होती, पहाटेच्या अंधारात पाण्याच्या टाकीला धडकली. बायका हसल्या. परत गेली नाही, सासूला सांगितलं मला पहाटे उठवत नाही. भजनी मंडळात आवाज तिचा चांगला होता, म्हातारे लोक अजून म्हणतात. भजन रात्री असायचं. सोडलं. माझ्या मावशीचं लग्न गोरज मुहूर्तावर होतं, अक्षता पडल्यावर जेवणाच्या पंगतीत वाढायला उभी राहिली आणि आमटी कुणाच्या तरी मांडीवर सांडली. तेव्हापासून कुठल्याही लग्नात ती आत पोळ्या लाटायला बसायची. “आत बत्ती असायची ना, जवळच.” मला आयुष्यभर वाटत आलं की माझ्या आईला स्वयंपाकघर सोडून कशात रस नाही.

मी तान्ही असताना रात्री रडले की ती पाळण्याच्या दोरीवरून हात सरकवत माझ्यापर्यंत यायची. दोरीचं एक टोक तिनं स्वतःच्या उशाशी बांधून ठेवलं होतं. हे मला माहीतच नव्हतं. मी विचारलं, हे कधी बोलली का नाहीस? तर म्हणाली, “विचारलंच न्हाई कुणी. आणि मला वाटायचं, सगळ्यांनाच अंधारात तसंच दिसतं.”

सगळं लिहून घेतलंय. सतरा गोष्टी झाल्या. चाचणीफळा, तुम्हाला पाठवते, आईची परवानगी आहे. तिनं एवढंच विचारलंय की भजनाचं पण लिहिणार का.

चाचणीफळा | गुरुवार, रात्री ११:०२

लिहिणार. पहिल्या पानावर. त्यांना एक विचाराल का, संधिप्रकाशातलं आणि पूर्ण अंधारातलं त्यांच्या आठवणीत वेगळं सांगता येतं का? काकडआरती आणि गोरज, दोन्ही वेळा वेगळ्या आहेत म्हणून विचारते.